लग्नाचें चित्र आणि लग्नाचा स्वर

गेल्या वर्षीं तुळशीचीं लग्नें आटोपून लग्नसराईचे वेध लागले होते, त्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी अमरावतीस माझ्या घरीं आला. इतिहास हा विषय घेऊन तो पदवीधर झाला. पण नोकरीची वाट पाहण्यांत वर्षें न घालवितां त्यानें लग्नांचें चित्रण करण्याचा धंदा पत्करला, आणि आतां बँकेचें कर्ज काढून स्वतःचा कॅमेरा घेण्याच्या विचारांत तो होता. तीनचार कंपन्यांचीं दरपत्रकें माझ्यापुढें पसरून तो म्हणाला, "सर, यांतला कोणता घेऊं तें सांगा. निवड चुकली तर दोन सीझनची कमाई हप्त्यांतच जाईल."

इतिहास शिकविणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारावा, याचें मला प्रथम हसूं आलें. भिंगें, सेन्सर आणि सेकंदागणिक चित्रांची संख्या यांविषयींचें माझें ज्ञान बेताचेंच. परंतु तो गेल्यावर विचार करूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं, प्रश्न वाटतो तितका माझ्या विषयाबाहेरचा नाहीं. कोणत्या साधनामुळें कोणती गोष्ट टिकली आणि कोणती नष्ट झाली, हें पाहणें हें तर इतिहासाच्या अभ्यासकाचें नित्याचेंच काम. लग्न हा प्रत्येक कुटुंबाच्या इतिहासांतील मोठा प्रसंग. आणि त्याची नोंद करण्याचीं साधनें वऱ्हाडांत गेलीं सातशें वर्षें बदलत आलीं आहेत. त्या दिवशीं माझ्या विद्यार्थ्यास जें सांगतां आलें नाहीं, तें येथें लिहितों.

वऱ्हाड ही लग्नकथेची जुनी भूमि. रुक्मिणीचें माहेर म्हणून प्रसिद्ध असलेलें कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यांत वर्धेच्या कांठीं आहे, आणि श्रीकृष्णानें तिचें हरण केलें तें अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळांतून, अशी येथील लोकांची परंपरागत श्रद्धा आहे. त्या श्रद्धेची छाननी करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु त्याच जिल्ह्यांत मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर हें महानुभाव पंथाचें क्षेत्र आहे, आणि तेथें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत घडलेला एक प्रसंग मात्र मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत पक्का नोंदला गेला आहे. श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाचा लीलोत्सव भक्तमंडळींनीं मांडला, आणि त्या वेळीं महदाइसेनें रुक्मिणीच्या स्वयंवराचे धवळे गायिले. धवळे म्हणजे लग्नांत वराला उद्देशून गावयाचीं गीतें. ज्या बाईला आपण आद्य मराठी कवयित्री म्हणतों, तिची कविता अशी एका वऱ्हाडी लग्नमांडवांत जन्मास आली.

त्या मांडवाचें चित्र आपणांपाशीं नाहीं. वराचा वेश कोणता होता, अंगणांत किती माणसें होतीं, महदाइसा कोठें बसली होती, हें डोळ्यांनीं पाहण्याचा कांहींच उपाय नाहीं. पण ती काय गायिली तें आपणांस ठाऊक आहे. याचें श्रेय त्या पंथाच्या लेखकांकडे जातें. म्हाइंभटानें लीळाचरित्राची सामग्री जमविली ती ज्यांनीं ज्यांनीं प्रसंग पाहिला त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्या आठवणी विचारून. एकाच प्रसंगाविषयीं दोन साक्षीदारांच्या सांगण्यांत भेद आढळला, तर तो भेदही नोंदवून ठेवण्याची दक्षता त्या परंपरेनें घेतली. कान आणि स्मरणशक्ति एवढींच त्यांचीं यंत्रें. पण त्यांनीं तीं इतक्या निष्ठेनें चालविलीं कीं, रिद्धपूरच्या लग्नाचे शब्द सातशें वर्षें टिकले.

आतां यंत्रयुगाकडे वळूं. छायाचित्रणाची विद्या १८३९ सालीं यूरोपांत जाहीर झाली, आणि थोड्याच वर्षांत ती हिंदुस्थानांत आली. पण ते आरंभींचे कॅमेरे लग्नमांडवाच्या उपयोगाचे नव्हते. कांच मंद, प्रकाश अपुरा, म्हणून माणसाला कांहीं क्षण पुतळ्यासारखें स्थिर बसवावें लागे. यामुळें आपल्या आजोबांच्या पिढीचें लग्नाचें छायाचित्र म्हणजे बहुधा लग्न होऊन गेल्यावर स्टुडिओंत काढलेलें चित्र होय: नवरदेव खुर्चीवर, वधू शेजारीं उभी, मागें रंगविलेला पडदा. विधीचा त्यांत मागमूस नसे. हंसरा चेहरा तर क्वचितच आढळे. आणि त्याचें एक कारण त्या काळची गंभीर राहणी हें असलें, तरी दुसरें कारण यंत्राची मंद गति हें होतें.

हलणारें चित्र मुंबईंत प्रथम दिसलें तें ७ जुलै १८९६ रोजीं, वॉटसन हॉटेलांत, ल्युमिएर बंधूंच्या खेळांत. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मुंबईंत छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. सावेदादा या नांवानेंही ते ओळखले जात. त्यांनीं या नव्या विद्येनें भारून जाऊन इंग्लंडांतून रायली कंपनीचा कॅमेरा मागविला. किंमत २१ गिनी. १८९९ सालीं त्यांनीं मुंबईच्या हँगिंग गार्डन्समध्यें दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली, आणि फिल्म धुण्यासाठीं लंडनला पाठविली. १९०१ च्या डिसेंबरांत रँग्लर परांजपे विलायतेहून परत आले, तेव्हांचा सत्कारसमारंभही त्यांनीं टिपला. त्यांच्यानंतर दहाबारा वर्षांनीं दादासाहेब फाळके लंडनला गेले, तेथून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. फाळक्यांचें नांव घरोघरीं पोंचलें हें योग्यच झालें. परंतु लग्नाचें चित्रण करणारा आजचा वऱ्हाडी तरुण फाळक्यांच्या कुळांतला नसून भाटवडेकरांच्या कुळांतला आहे, हें त्यानें ओळखून असावें. फाळके घटना रचीत आणि मग चित्रित करीत. मनासारखें दृश्य साधलें नाहीं तर तें पुन्हा घेतां येई. भाटवडेकरांपुढें घटना एकदांच घडे, आणि कॅमेरा त्या क्षणीं तयार नसेल तर ती कायमची गेली. माळ गळ्यांत पडण्याचा क्षण दुसऱ्यांदा मागतां येत नाहीं. मागितला तर तें नाटक होतें.

तरीही भाटवडेकरांच्या यंत्रानें लग्न टिपणें शक्य नव्हतें. ल्युमिएर बंधूंची एक फिल्म पन्नास सेकंदांच्या आसपास संपे. पुढें १९२३ सालीं कोडॅक कंपनीनें घरगुती उपयोगासाठीं १६ मिलिमीटरची फिल्म काढली. तिचें शंभर फुटांचें रीळ सुमारें चार मिनिटें चाले. १९३२ सालीं आठ मिलिमीटरची आणि १९६५ सालीं सुपर-आठ आली. ती तर तीन मिनिटें वीस सेकंदांत संपे. आपल्याकडील मंगलाष्टकांचा विचार करा. भटजींची आठ होतात, मग मामा उठतात, मग आत्येनें स्वतः रचून आणलेलीं दोन, मग मुलीच्या शाळेंतल्या बाईंचें एक. अर्धा तास सहज जातो. चार मिनिटांच्या रिळांत यांतलें काय घ्यावयाचें? त्यामुळें असल्या फिल्मा ज्या थोड्या सधन घरांत निघाल्या, त्यांत अंतरपाट, माळ, सप्तपदी आणि मोटारींत बसणारीं वधूवरें एवढेच तुकडे असत. शिवाय त्या मुक्या. 'आलम आरा' १९३१ सालीं बोलूं लागली आणि १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' मराठींत बोलला. परंतु घरगुती सुपर-आठला कंठ फुटावयास १९७३ साल उजाडावें लागलें.

ही मर्यादा मोडली ती चुंबकीय फितीनें. १९७६ सालीं जपानांत व्हीएचएस पद्धतीची कॅसेट निघाली, आणि १९८५ च्या सुमारास ती पुरी कॅसेट आंत बसेल असा खांद्यावरचा कॅमेरा बाजारांत आला. आपल्या देशांत १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई क्रीडासामन्यांच्या निमित्तानें रंगीत दूरचित्रवाणी आली, आणि तिच्या पाठोपाठ व्हिडिओचें यंत्र गांवोगांव पसरलें. वऱ्हाडांत कापूस विकला जाऊन घरांत पैसा आला कीं लग्नें निघतात. त्या पैशांत मांडव, आचारी आणि बँडवाला यांच्या जोडीला आतां 'व्हिडिओवाला' येऊन बसला. पॅनासॉनिकचा एम ३५०० किंवा एम ९००० हा कॅमेरा खांद्यावर घेतलेला मनुष्य, त्याच्यामागें हॅलोजनचा प्रखर दिवा उंच धरून चालणारा पोरगा, आणि त्या पोऱ्यामागें माणसांच्या पायांत अडकणारी लांबच लांब वायर, हें दृश्य माझ्या वयाच्या प्रत्येक वाचकानें पाहिलें असेल. वैशाखांतल्या अकोल्याच्या उन्हाळ्यांत, पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला असतां, तो हॅलोजन तोंडावर आला म्हणजे नवरीच्या कपाळावरची हळद घामानें ओघळूं लागे.

त्या चित्रणाची पुष्कळ थट्टा झाली आहे. बदामाच्या आकारांत उमटणारे चेहरे, गरगर फिरत येणारीं नांवें, जेवणाच्या पंगतींत घांस तोंडाशीं नेलेल्या माणसावर स्थिरावणारा कॅमेरा! परंतु या साधनाचा एक गुण थट्टेच्या भरांत आपण विसरलों. कॅसेट तीन तासांची होती आणि स्वस्त होती. चार मिनिटांच्या रिळाचा धनी प्रत्येक सेकंद तोलून खर्च करी. व्हिडिओवाल्याला तशी काटकसर करण्याचें कारण उरलें नाहीं. त्यामुळें ज्यांचें चित्र काढावें असें कोणाच्या मनांतही आलें नसतें, तीं माणसें प्रथमच चित्रांत आलीं. कढईवर वाकलेला आचारी, रुखवत मांडणाऱ्या मावश्या, कोपऱ्यांत बसून सुपारी कातरणारी आजेसासू, मांडवाच्या खांबाला धरून झोंपलेलें पोर. पुढील शतकांत कोणी वऱ्हाडच्या मध्यमवर्गाचा सामाजिक इतिहास लिहूं लागला, तर अलंकार, पाकक्रिया, बसण्याउठण्याची रीत यांविषयीं या रटाळ कॅसेटींइतकी खरी साक्ष त्याला दुसरीकडे मिळणार नाहीं.

पण याच साधनानें एक मोठी हानि केली. आणि ती मला समजली ती माझ्याच घरांत.

माझ्या थोरल्या बहिणीचें लग्न १९८९ सालीं अकोल्यास झालें. त्याची कॅसेट तिच्या कपाटांत पस्तीस वर्षें होती. ती पाहण्याचें यंत्र घरांत नाहीं, बाजारांत नाहीं. अशीं यंत्रें बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेंही २०१६ सालीं तें काम थांबविलें. गेल्या दिवाळींत एका हौशी कारागिरानें जुनें यंत्र दुरुस्त करून त्या कॅसेटची संगणकीय नक्कल करून दिली, आणि भाऊबिजेच्या दिवशीं आम्हीं सर्व भावंडें ती पाहावयास बसलों. हळदीच्या आदल्या दिवशींचा प्रसंग आला. अंगणांत जातें मांडलेलें, आई आणि आत्या समोरासमोर बसून हळद दळीत आहेत, आणि आई गात आहे. आई जाऊन वीस वर्षें झालीं. ओठ हलत होते, मान किंचित् डोलत होती, जात्याचा खुंटा फिरत होता. आणि ऐकूं येत होतें तें त्या वर्षीं गाजलेल्या एका हिंदी चित्रपटांतलें गाणें.

असें कां झालें याचें उत्तर सोपें आहे. व्हीएचएस फितीच्या कडेला आवाजाची एक अरुंद पट्टी असते. चित्राला धक्का न लावतां त्या पट्टीवर नवा आवाज भरतां येतो. मात्र तो भरतांना जुना पुसला जातो. जोडकाम करणारा मनुष्य, ज्यास आपण 'मिक्सिंगवाला' म्हणत असूं, तो मांडवांतला गोंगाट काढून त्या जागीं चित्रपटगीत घाली, आणि गिऱ्हाइकाला तेंच आवडे. अमरावती हें तर मध्यप्रांत-वऱ्हाडांतील चित्रपटवितरणाचें एक मोठें ठाणें; चित्रपटगीत हा येथील हवेचाच एक भाग होता. त्या मिक्सिंगवाल्यावर मी राग धरीत नाहीं. आम्हीं त्या वेळीं ती कॅसेट पाहिली तेव्हां आम्हांलाही तें गाणें आवडलें होतें. आई तर जिवंतच होती; तिचा आवाज फितीवर असावा, हा विचार कोणाला सुचणार?

त्या रात्रीं ताईनें विचारलें, "अरे, आई कोणती ओंवी म्हणत होती?" ताईच्या आठवणीप्रमाणें ती अंबादेवीला आमंत्रण देण्याची, आत्याबाई आज नव्वदीच्या घरांत आहेत, त्यांच्या मतें माहेरच्या वाटेची. म्हाइंभटाच्या परंपरेला स्मरून मीं दोघींचें सांगणें वहींत लिहून ठेवलें. पण निकाल लावण्याचें साधन नाहीं. सातशें वर्षांपूर्वींच्या रिद्धपूरच्या लग्नाचा शब्द उरला आणि चित्र गेलें. पस्तीस वर्षांपूर्वींच्या अकोल्याच्या लग्नाचें चित्र उरलें आणि शब्द गेला. दोहोंपैकीं अधिक दरिद्री कोण, हें ठरविणें मला अवघड वाटत नाहीं.

यानंतरचीं साधनें ही उणीव भरून काढतील, अशी अपेक्षा होती. १९९५ सालीं अंकीय फितीचा डीव्ही कॅमेरा आला. चित्र स्वच्छ झालें आणि नकलेची नक्कल काढली तरी तें फिकें पडेनासें झालें. २००८ सालीं कॅनननें ५डी मार्क दोन हा छायाचित्रणाचाच कॅमेरा चलच्चित्र घेणारा करून काढला, आणि लग्नाच्या चित्रणाचें रूप पालटलें. गोरज मुहूर्ताच्या मंद उजेडांतही हॅलोजनवांचून चित्र येऊं लागलें. मागचें सर्व धूसर आणि नवरीचा चेहरा तेवढा स्पष्ट, अशी चित्रपटांत शोभणारी दृश्यें मिळूं लागलीं. परंतु तो कॅमेरा सलग सुमारें बारा मिनिटेंच चाले, म्हणजे चवथ्यापांचव्या मंगलाष्टकाशीं थांबे. आवाज ऐकून पाहण्यासाठीं कानाला लावावयाच्या यंत्राची जागाच त्यांत नव्हती, आणि आवाजाची पातळी हातानें ठरविण्याची सोय तर २०१० सालीं मागाहून पुरविण्यांत आली. डोळा तीक्ष्ण झाला, कान तसाच राहिला. पुढें बारा मिनिटांची अडचण दूर झाली. पण तोंवर रुचि बदलली होती. आतां तीन दिवसांच्या लग्नाचा तीन मिनिटांचा सारांश काढतात, आणि त्यावर पुन्हा चित्रपटाचें गाणें असतें. फिल्मच्या रिळानें जी काटकसर नाइलाजानें केली, ती आपण आतां हौसेनें करूं लागलों.

येथें कोणी म्हणेल, "तीन तासांची कॅसेट पाहतो कोण? लोकांना जें पाहवतें तें द्यावें." या आक्षेपांत तथ्य आहे. सारांश सुंदर असावा याला माझी हरकत नाहीं. परंतु सारांश हा आजच्या पाहणाऱ्यांसाठीं असतो, आणि मूळ चित्रण हें पुढें जन्मणाऱ्यांसाठीं. आज कंटाळवाणें वाटणारें उद्यां मोलाचें ठरेल कीं काय, हें आज कोणालाच सांगतां येत नाहीं. आईच्या त्या दीड मिनिटाचें मोल १९८९ सालीं आम्हांला कोठें ठाऊक होतें? म्हणून सारांश काढून झाल्यावर मूळ चित्रण पुसून टाकणें हें मला दफ्तर जाळण्यासारखें वाटतें.

हा सर्व विचार करून मीं माझ्या विद्यार्थ्यास आठ दिवसांनीं बोलाविलें आणि जें सांगितलें तें थोडक्यांत असें. दरपत्रकांतल्या सर्वांत महाग कॅमेऱ्यावर सगळें कर्ज ओतूं नकोस. अगोदर आवाजाची सोय कर: एक चांगला मायक्रोफोन, भटजींच्या उपरण्याला लावतां येईल असा एक बिनतारी, आणि गाणाऱ्या बायकांजवळ नुसता ठेवून द्यावा असा एक स्वतंत्र ध्वनिमुद्रक. मग कॅमेरा असा पाहा कीं, ज्यांत दोन कार्डें एका वेळीं भरतात. एक बिघडलें तर दुसरें उरेल, कारण लग्न पुन्हा लागत नाहीं. मंद उजेडांत तो किती चांगला पाहतो तें तपास. लहान देहाचे कांहीं कॅमेरे तापले कीं आपोआप बंद पडतात. यासाठीं दुकानाच्या गारव्यांत परीक्षा न घेतां अंगणांतल्या उन्हांत तासभर चालवून पाहा. उरलेल्या पैशांत जुना कां होईना, पण दुसरा एक कॅमेरा घे, आणि तो न थांबवितां चालूं दे. आणि मूळ चित्रणाच्या दोन प्रती करून त्यांतली एक यजमानाच्या घरीं दे. त्यांनीं मागितली नाहीं तरी दे.

त्यानें वहींत सर्व टिपून घेतलें. मग म्हणाला, "सर, मायक्रोफोनवर एवढा खर्च केला, तर त्याचें गिऱ्हाईक पैसे देणार नाहीं. त्यांना फोटोसारखें चित्र पाहिजे." मीं म्हटलें, "आज देणार नाहीं, हें खरें." एवढेंच उत्तर माझ्याजवळ होतें. धंदा त्याला करावयाचा होता, मला नव्हे.

मार्गशीर्षांत एके दिवशीं त्यानें मला एक ध्वनिचित्रण पाठविलें. अकोल्याजवळच्या एका खेड्यांतली हळद; सुमारें एक तासाचें, कापलेलें नाहीं, जोडलेलें नाहीं. तीन म्हाताऱ्या बायका जात्यावर बसल्या आहेत. मधूनच एकीला खोकला येतो, कोणी चहा आणून ठेवतें, कुत्रें भुंकतें, आणि त्या गातच आहेत. यजमानांच्या सारांशांत यांतलें कांहीं येणार नाहीं, असें त्यानें कळविलें होतें. पण मूळ प्रत ठेवली आहे, असेंही लिहिलें होतें.

तें मीं ताईला ऐकविलें. ती डोळे मिटून पुष्कळ वेळ ऐकत राहिली. शेवटीं म्हणाली, "ओंवी ती नाहीं. पण चाल आईचीच आहे."